पिस्ता, जाई आणि रिकामा तवा

सुधाताई रक्ततपासणी करून परत आली तेव्हा मी जिन्यातच उभा होतो. जानेवारीच्या थंडीत स्वेटर न घालता मी बाहेर का थांबलो आहे, हे तिने विचारलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "काय झालं?" मला "दोघंही..." एवढंच म्हणता आलं. ती माझ्या बाजूने वर गेली. स्वयंपाकघरात स्टुलावर पिंजरा होता, त्याचं दार उघडं होतं आणि शेजारी माझ्या रुमालावर आमचे दोन बजरी पोपट, हिरवा पिस्ता आणि निळी जाई, मी जवळजवळ ठेवले होते. ताईने चपलाही काढल्या नव्हत्या. जाईच्या पोटावरचं एक वाकडं झालेलं पीस तिने बोटाने सरळ केलं आणि म्हणाली, "अजून गरम आहे रे ही."

त्याला आता सात आठवडे झाले. मुठीत मावणाऱ्या पाखरांवर कोणी असं लिहितं का, मला माहीत नाही. पण आमच्या माधव नगरच्या त्या घरात माणसं दोनच, त्यामुळे दोन जीव गेले म्हणजे निम्मं घर गेलं.

ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. देवासला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, लग्न केलं नाही. माझी बायको वारल्यावर आणि तिची नोकरी संपल्यावर ती माझ्याकडे उज्जैनला आली. आम्ही दोघंही कमी बोलणारे. दोनेक महिन्यांत तिला ते सहन होईना. एक दिवस ती पिंजरा घेऊनच घरी आली. मी कुरकुरलो, "ही घाण कोण काढणार?" ती म्हणाली, "मी काढीन. तू फक्त ऐकत जा."

आणि खरंच, ऐकायला मिळू लागलं. पहाटे मी तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन "ताई, चाय?" असं विचारायचो. वर्षभराने पिस्ता ते अगदी माझ्या खर्जात म्हणायला लागला. ताई फसून "हो, ठेव" म्हणायची आणि मी अजून अंथरुणात असायचो. जाई बोलायची नाही. ती ताईच्या खांद्यावर बसून चष्म्याची काडी चावायची. पेपर वाचताना माझ्या डोक्यावर कोणीतरी उतरलं, तर मी मान न हलवता पुढचं पान उलटायला शिकलो होतो. ज्यांच्यावर मी कुरकुरलो होतो, त्यांच्यासाठी कोथिंबीर निवडणारा माणूस कधी झालो, ते मलाही कळलं नाही.

ताईचं मनगट दुखायचं, लोखंडी तवा उचलवत नसे. म्हणून गेल्या धनतेरसला मी तिच्यासाठी नॉनस्टिक तवा आणला. जानेवारीत थंडी वाढली तेव्हा पिंजरा स्वयंपाकघरात आणला, कारण सकाळचं ऊन तिथेच येतं. त्या दिवशी ताई उपाशीपोटी तपासणीला गेली होती. ती आल्याबरोबर तिला गरम थालीपीठ द्यावं म्हणून मी तवा गॅसवर ठेवला. तेवढ्यात खालून हाक आली, गॅसची टंकी आली होती. वारा आत येऊ नये म्हणून स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि खाली गेलो. टंकीवाल्याशी बोलण्यात पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. वर आलो तेव्हा आच तशीच मोठी होती. धूर म्हणावा असा नव्हता, थोडासा वास. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली, मग पिंजऱ्याकडे बघितलं. पिस्ता तळाशी पडला होता. जाई दांडीवर होती, चोच उघडी आणि शेपूट वरखाली होत होतं. मी तिला हातात घेऊन खिडकीशी नेलं. माझ्या तळहातावर तिने दोनदा पंख ताणले. बस, एवढंच.

दुपारी मिठाईच्या डब्यात दोघांना ठेवून मी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. ताई आली नाही. डॉक्टरीण तरुण होती. तिने दोघांना उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "अंकल, घर में नॉनस्टिक है? खाली गरम हो गया था क्या?" मी हो म्हणालो. मग तिने हळूहळू समजावलं. रिकामा तवा फार तापला की त्याच्या थरातून वायू निघतो. माणसाला तो बहुधा जाणवतही नाही, पण पाखरांची फुप्फुसं फार नाजूक, त्यांना काही मिनिटंच पुरतात. "आपको पता नहीं था, अंकल," ती म्हणाली. तिने ते मायेनेच म्हटलं असेल.

घरी आलो तर ताई खोलीत बसली होती. म्हणाली, "मीच मारलं त्यांना. रात्री पिंजऱ्यावर घोंगडी टाकली होती ना, सकाळी घाईत पूर्ण काढली नाही. गुदमरले ते." आणि मी... मी काही बोललो नाही. गच्चीवरच्या मोठ्या कुंडीत आम्ही दोघांना पुरलं. ताईने घोंगडी घडी करून रद्दीत टाकली. चार दिवस ती जेवणाच्या ताटावर बसायची आणि तेच म्हणायची, एक कोपरा तरी वर करायला हवा होता. मी समोर बसून ऐकत होतो. उत्तर माझ्याकडे होतं आणि मी तिला वरण वाढत होतो.

पाचव्या दिवशी सांगितलं. तवा, टंकीवाला, बंद दार, डॉक्टरीण, सगळं. ताईने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "तव्याचं तुला माहीत नव्हतं. ते मी समजू शकते." बराच वेळ ती स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिली. "पण घोंगडीचं तुला माहीत होतं. चार दिवस तू मला तसंच राहू दिलंस."

 ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याशी नीट बोलते, औषधाची आठवण करते, लोखंडी तव्यावर दोन्ही हातांनी पोळ्या करते. मी तवा उचलायला पुढे झालो की "राहू दे" म्हणते. हे लिहीत असल्याचं तिला सांगितलं, तेव्हा म्हणाली, "लिही. निदान कोणी पिंजरा स्वयंपाकघरात ठेवणार नाही." का घडलं ते कळल्यावर मन शांत होतं, असं लोक म्हणतात. माझं झालं नाही.

आता मार्च लागला आहे, दुपारी भिंती तापतात. रोज संध्याकाळी पाच ते सहा या वेळात पाखरं बैठकीत मोकळी उडायची, म्हणून त्या तासात आमच्याकडे पंखा कधी लागला नाही. ऐन मे महिन्यातही आम्ही पेपराने वारा घेत बसायचो. ताई अजून पाच वाजले की उठते आणि बटन बंद करते. मी तिला एकदाही टोकलेलं नाही. काल पाच वाजता ती आत झोपली होती. मी उठलो आणि पंखा बंद केला. थोड्या वेळाने ती बाहेर आली, वर पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही, आणि समोरच्या खुर्चीत बसली. सहा वाजेपर्यंत आम्ही दोघं तसेच घाम पुसत बसलो होतो.