आमच्या कुरणाची साहेबी कापणी

“पोरगी इंग्रजी शाळेत हाय. तिला गवतातलं कळणार न्हाय, तर काय तुला कळणार?”

दाराआडून मी हे ऐकलं, आणि आमच्या कुरणाचं वाटोळं व्हायला तिथूनच सुरुवात झाली.

बोलणारे आप्पा, म्हणजे माझे वडील. ऐकणारी गंगूआक्का, निपाणीजवळच्या आमच्या गावात तिच्याइतकं सफाईनं गवत कुणी कापत नसे. माझी चूक एवढीच, की गणपतीच्या सुट्टीला बेळगावहून आल्यावर जेवताना मी म्हटलं होतं, “आमच्या शाळेपुढचं गवत अगदी जमिनीलगत कापतात. म्हणून ते दाट येतं.” (वर्गात एक शब्द न काढणारी मी, आमटी वाढून घेता घेता शेतीतली जाणकार झाले होते!)

“आप्पा, चार बोटं बूड ठिवाय लागतंय,” गंगूआक्का म्हणाली. “न्हाईतर त्येनं फुटायचं कशातनं?”

“साहेब लोक काय येडं हाईत व्हय? लाव इळा मातीला!”

तिनं लावला. बांधाकडची एक पट्टी मात्र आप्पांची पाठ वळताच तिनं आपल्या रीतीनं कापली. संध्याकाळी कुरण नुकतंच जावळ काढल्यासारखं दिसत होतं. आप्पा कौतुकानं बघत राहिले.

दिवाळीला मी परत आले. बांधाकडच्या पट्टीत गवत गुडघ्याला लागत होतं. बाकीचं कुरण अजून टकलंच होतं! आणि ज्या म्हशीसाठी हे दुसऱ्या कापणीचं गवत धरलेलं, ती आठ दिवसांत व्यायची होती.

आप्पांनी माझं नाव कुणापुढं घेतलं नाही. पहिल्या दिवशी शेजाऱ्यांना म्हणाले, “पाऊस लागला न्हाय.” (पट्टीवर तेवढा पडला होता!) दुसऱ्या दिवशी त्यांनी मुळं खाणाऱ्या हुमणी किड्याचं कारण काढलं. तिसऱ्या दिवशी कुरणाला कुणाची तरी नजर लागली होती, आणि ती नजर नेमकी पट्टीच्या कडेला येऊन थांबली होती!

चौथ्या दिवशी दिवाळीला माहेरी आलेल्या आत्यानं निकाल लावला. “गंगूचा हात बिघडलाय, दादा. पुढल्या खेपंला दुसरी बाई बघ.”

आप्पा खाली बघू लागले. गंगूआक्का पट्टीतल्या गवताचा भारा म्हशीपुढं टाकत होती. तिनं माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि म्हणाली, “व्हय ताई, वय झालं माझं.”

मी पुढं झाले. चौघांदेखत मी घरात कधी मोठ्यानं बोललेच नव्हते.

“आत्या, तिचा हात चांगला हाय. चुकलं माझं. शाळेतली ती हरळी, जमिनीवर पसरणारी. तिला माळी रोज पाणी घालतो. आणि आप्पा... तिच्यावर पाय ठेवायला आम्हांला बंदी हाय. मी ती निस्ती खिडकीतनं बघितलीया!”