खोबरेल तेलाचे शॉकअप

माझ्या धाकट्या दिराने जर्मनीहून रिमोटवर चालणारी मोटार पाठवली. म्हणजे मोटार नव्हतीच ती, मोटारीच्या सुट्या भागांनी भरलेला खोका होता. आमचे हे प्लांटमध्ये हायड्रॉलिक्सचे इंजिनिअर. खोका पाहून त्यांच्या तोंडावर जो आनंद पसरला, तो मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. रविवारी सकाळी सेक्टरच्या मैदानावर गाडी पळवून दाखवतो, असं त्यांनी सगळ्या खात्यात सांगून टाकलं. वर साहेबांनाही बोलावलं.

बाकी गाडी जमली, अडलं ते चाकांचे धक्के झेलणाऱ्या चार शॉकअपपाशी. करंगळीएवढी नळी, तिच्यात तेल, तेलात वरखाली होणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला दट्ट्या धरून ठेवणारी तांदळाच्या कणीएवढी क्लिप. ह्यांची बोटं जाडजूड. पहिलीच क्लिप चिमटीतून सुटली ती थेट वरणात. त्या दिवशी वरण आम्ही गाळून खाल्लं.

"तुले जमते का पाय," हे म्हणाले. "मी वाचून सांगतो."

तेव्हापासून हे खुर्चीवर बसून पुस्तिका वाचायचे आणि मी जमिनीवर बसून काम करायची. क्लिपसाठी मी भुवया कोरायचा चिमटा काढला. ती उडू नये म्हणून दोन्ही हात पारदर्शक पिशवीत घालून काम करायचं, ही युक्तीही माझीच. रबराची बारीक रिंग कोरडी चढवली की फाटते, म्हणून तिला आधी तेलाचं बोट लावायची. मधेच शेजारीण डोकावली की हे सांगायचे, "शॉकअप बनवून राहिलो." मी तिथेच, पिशवीत हात घालून बसलेली. असा राग यायचा मला! चारही शॉकअप माझ्या हातचे, हे कुणीतरी म्हणावं आणि एकदा तरी गाडी मला चालवायला मिळावी, एवढंच मला हवं होतं. पण रिमोटला हे हात लावू देतील तर शपथ.

शनिवारी संध्याकाळी तेल भरायच्या वेळी ह्यांच्या कोपराने जर्मन तेलाची बाटली लवंडली. सगळं तेल सतरंजीने पिऊन टाकलं.

"तेल ते तेल," हे खात्यात बोलावं तशा गंभीर आवाजात म्हणाले आणि सिगडीजवळची माझी खोबरेल तेलाची बाटली उचलून आणली. थंडीच्या दिवसांत ती बाटली सिगडीजवळ कशासाठी ठेवलेली असते, हे त्या क्षणी घरातल्या दोघांनाही आठवलं नाही. मी नळ्या भरल्या, दांडे हळूहळू वरखाली केले आणि बुडबुडे निघून जाईपर्यंत नळ्या तांदळाच्या डब्यात उभ्या खोचून ठेवल्या. रात्री गाडी दाबून पाहिली तर लोण्यासारखी खाली जायची.

सकाळी मैदानावर चांगलीच थंडी होती. सगळं खातं चहाचे कप घेऊन उभं. ह्यांनी गाडी सोडली. ती टणटण उडत विटांवर ठेवलेल्या फळीपर्यंत गेली आणि तिथे उलटी पडली. सरळ केली, पुन्हा उलटली.

साहेब अमरावतीकडचे. ते शांतपणे म्हणाले, "शॉकअप लावाचे राहिले काय जी?"

ह्यांचे कान लाल झाले. मी गाडी उचलून दाबली, तर ढिम्म हलेना. एका झाकणाच्या कडेला पांढरा थर दिसला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो, तेल गोठलं," मी हळूच म्हणाले.

मग मी गाडी शालीत गुंडाळली, पोटाशी धरली आणि सगळ्यांकडे पाठ करून उन्हात बसले. हे जवळ आले. "होईन का नीट?" एवढा बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मला त्यांची फार दया आली, पण मी ती दाखवली नाही.

"होईल. पण चालवीन मी."

त्यांनी एकदा साहेबांकडे पाहिलं आणि रिमोट माझ्या हातात दिला.

तेल पातळ होऊन शॉकअप हलायला लागल्यावर मी गाडी सोडली. ती फळीवरून उडाली आणि पलीकडे मातीवर टेकली. चारही शॉकअप एकदम खाली बसले, अलगद वर आले आणि ती तशीच पुढे पळाली. साहेबांनी कप खाली ठेवला. "कोणी बसवले जी हे शॉकअप?"

मी गाडी थांबवली. मला उत्तर ऐकायचं होतं.

"हिनं," हे म्हणाले. मग घसा खाकरून, "तेल तेवढं माझं होतं."