मुक्या बुरश्यांची बाई

वनसंशोधन संस्थेत तिला सगळे सुईबाई म्हणायचे. पाइन, देवदार अशा झाडांची पानं सुईसारखी असतात आणि ही बाई सदानकदा त्या सुयांच्याच मागे, म्हणून सुईबाई. समोर म्हणताना त्यात आदर असायचा, पाठीमागे म्हणताना हसू. तिला दोन्ही नीट ऐकू यायचं.

घरी आणखी एक सुईवाली होती. तिची थोरली नणंद शिवणकाम करायची आणि पुढच्या खोलीत तिचं मशीन दिवसभर चालायचं. सुईबाईचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. घरी आला की म्हणायचा, "एकीच्या सुईला नेढं, दुसरीच्या सुईत बुरशी. या घरात अनवाणी चालायची सोय नाही!"

सुईत बुरशी, हे मात्र खरं होतं. लोक बुरशी शोधायला रोगट झाडाकडे जातात, ही जायची ठणठणीत झाडाकडे. हिरवीगार, एक डाग नसलेली सुई तोडायची, अल्कोहोलमध्ये बुचकळायची, मग ब्लीचमध्ये, मग पुन्हा अल्कोहोलमध्ये. बाहेर चिकटलेलं सगळं मेलं की सुईचे बारीक तुकडे करून काचेच्या बशीत, बुरशी वाढवायच्या घट्ट खळीवर मांडायचे आणि वाट बघायची. काही आठवड्यांनी कापलेल्या टोकातून पांढरा, राखाडी, कधी शेवाळी रंगाचा कापूस बाहेर पडायचा. झाडाला न दुखवता, बाहेर कोणाला पत्ता लागू न देता सुईच्या आत राहणारी ही बुरशी. झाड मालक आणि ही त्याची गुपचूप भाडेकरू.

अडचण नावाची होती. बुरशी ओळखायची ती बीजाणूंवरून, म्हणजे ती ज्यातून पसरते त्या कणांवरून. त्यांचा आकार पाहायचा, आतले आडवे पडदे मोजायचे, मग कुळ ठरायचं. सुईतल्या बहुतेक बुरश्या बशीत नुसत्या वाढायच्या, बीजाणू धरायच्याच नाहीत. संस्थेत त्यांना 'मुक्या' म्हणत आणि मुक्यांची रवानगी थेट कचऱ्यात होई. सुईबाई त्या टाकत नसे. रंग, वाढीचा वेग, कडेची नक्षी बघून त्यांचे गट पाडायची, बारीक नळ्यांत भरायची आणि फ्रिजमध्ये ठेवायची. वर्षांमागून वर्षं गेली आणि फ्रिज भरला.

मग नवे मोठे साहेब आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फ्रिजचं दार उघडलं.

"या नळ्या कसल्या?"

"सुयांतल्या बुरश्या आहेत, साहेब."

"नावं काय यांची?"

"अजून ठरली नाहीत."

"नाव नाही तर नोंद नाही, आणि नोंद नाही तर जागा नाही. या उकळून फेकून द्या. फ्रिज सोमवारी रिकामा हवा."

सोमवारी शिपाई टोपली घेऊन आला, तेव्हा सुईबाई स्टूल घेऊन फ्रिजच्या दाराला पाठ लावून बसली होती. शिपायाने साहेबांना बोलावून आणलं.

"हा काय प्रकार आहे?" साहेब म्हणाले.

"नाव ठेवलं नाही म्हणून कोणी मूल उकिरड्यावर टाकतं का, साहेब? इथं मला नावं ठेवायला सगळे पुढे असतात. यांना नाव ठेवायला कोणी नाही. मी ठेवीन म्हणते."

"हा संस्थेचा फ्रिज आहे, बाई."

"फ्रिज संस्थेचाच. नळ्या मी घरी नेते."

"संस्थेची मालमत्ता घरी नेता येत नाही, एवढं कळत नाही?"

"नोंद नाही असं तुम्हीच म्हणालात. ज्याची नोंद नाही ते संस्थेचं कसं?"

शिपायाने टोपलीत तोंड खुपसलं. साहेबांच्या कपाळावरची शीर तटतटली. नळ्या सुईबाईच्याच हाती गेल्या, पण तिची बदली बीजभांडारात झाली. तिथे बियांची पोती मोजायची आणि उंदरांवर लक्ष ठेवायचं. मायक्रोस्कोपच्या खोलीची किल्ली काढून घेतली गेली.

घरी नणंद स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दुधाशेजारी बुरशी? अगं, लोक बुरशी आली की फ्रिजमधून बाहेर काढतात!"

"वन्सं, खालच्या खणात ठेवते. घट्ट झाकणाच्या डब्यात."

"आणि भाजी?"

"भाजी रोज ताजी आणीन."

"तू आणशील? तू बाजारात निघालीस की झाडाखाली थांबतेस." नणंदेने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि आवाज उतरवला. "फार बोलले का तुला?"

"बोलू देत. मी पण काही कमी बोलले नाही."

"हे बरं केलंस," नणंद म्हणाली आणि भाजीचा खण रिकामा करायला बसली.

बंद पडलेल्या एका शाळेतून सुईबाईने जुना मायक्रोस्कोप मिळवला. पण त्याखाली बघायचं काय? बशीत या बुरश्या बोलत नव्हत्या. रोज बीजभांडाराकडे चालताना ती पाइनच्या रांगेखालून जायची. खाली पिवळ्या सुयांचा गालिचा पडलेला असायचा. एके सकाळी ती मध्येच थांबली. भाडेकरू मालकाच्या जिवंतपणी तोंड मिटून बसला असेल, तर तो बोलेल कधी? मालक गेल्यावर! सुई पिवळी पडून गळाली, ओली झाली, थंडीत कुजली, की मग.

तिने एका फांदीला खुणेची चिंधी बांधली. तिच्या अर्ध्या सुयांतून बुरशी वाढवून घेतली, ती शेवाळी रंगाची आणि झालरीच्या कडेची मुकी निघाली. उरलेल्या सुया पिवळ्या होईपर्यंत झाडावरच ठेवल्या. नणंदेने जुन्या पडद्याच्या जाळीच्या पिशव्या शिवून दिल्या. त्यांत त्या सुया भरून तिने झाडाखाली, पावसापाण्यात ठेवल्या.

पहिल्या वर्षी सगळ्याचा चिखल झाला. कुठली तरी हिरवी, दांडगी बुरशी सगळं खाऊन मोकळी झाली. बीजभांडारातला कारकून म्हणाला, "बाई, आता पुरे की. कुजकी पानं ती कुजकीच."

"तुम्हाला कुजकी दिसतात, कारण तुम्ही वाकून बघत नाही," ती म्हणाली आणि नव्या पिशव्या टांगल्या. या वेळी जमिनीवर न ठेवता बुंध्यालगत, वीतभर उंचावर.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी, एका रविवारी, तिने पिशवी सोडली. सुयांवर काळे, लांबट, चमकदार ठिपके उठले होते. तिने एक सुई ओली करून मायक्रोस्कोपखाली धरली. ठिपक्याच्या मधोमध उभी चीर पडली आणि हळूहळू उघडली.

"वन्सं! मशीन थांबवा आणि इकडे या!"

नणंदेने एक डोळा मिटून मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं. मग म्हणाली, "अगं, हे तर काज आहे. शर्टाचं काज! आणि कड बघ कशी सुबक घातलीय. माझ्या हातूनसुद्धा इतकी सरळ येत नाही."

त्या काजातून दोऱ्यासारखे लांब बीजाणू बाहेर पडत होते. सुईबाईने ते खळीवर पेरले. आलेली बुरशी शेवाळी रंगाची होती, झालरीच्या कडेची. फ्रिजमधली मुकी तीच होती. तिची बीजाणूंवरून तपासणी केली, तेव्हा कळलं की ती आधी कोणी नोंदलेलीच नाही.

तिने नळ्यांतल्या बुरश्यांचे नमुने दूरच्या एका विद्यापीठातल्या बाईंकडे जनुकं तपासायला पाठवले. निकाल आला. काजवाली नवी होती, वादच नाही. पण सुईबाईने वेगळे धरलेले दोन गट एकच निघाले. मोठ्या साहेबांच्या कानावर ते गेलं आणि त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"म्हणजे चुकलाच होतात."

"चुकले. पण नळ्या फेकल्या असत्या, तर चूकसुद्धा कळली नसती."

साहेबांनी विषय बदलला. "शोधनिबंध लिहिताय म्हणे. संस्थेचा प्रमुख म्हणून माझं नाव पहिलं घाला. तुमची बदली रद्द करता येईल."

सुईबाईला मायक्रोस्कोपची खोली आठवली. खिडकीतून येणारा उजेड, तिच्या उंचीला बेतलेलं टेबल.

"पोत्यांची सवय झालीय, साहेब," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

नव्या बुरशीला तिने काज या अर्थाचं लॅटिन नाव दिलं. निबंधाच्या आभारांत नणंदेचा उल्लेख केला: ओळख पटवल्याबद्दल आणि पिशव्यांबद्दल. निबंध छापून आल्यावर एका परिषदेचं बोलावणं आलं. तिथे ती बोलत असताना पहिल्या रांगेतले एक गृहस्थ मध्येच म्हणाले, "बाई, हे सगळं ठीक. पण याचा उपयोग काय?"

सभागृहात थोडी खसखस पिकली. सुईबाईने चष्मा काढून पुसला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "झाडाला कीड लागू नये म्हणून ही बुरशी काही करते का, तेही अजून माहीत नाही. शोधतेय. पण कोट्यवधी सुयांत कोणी राहत असेल, तर ते कोण आहे हे विचारायला मी तुमची परवानगी घेणार नाही."

तिची वेळ संपल्याची घंटा झाली. तिची चार चित्रं दाखवायची राहिली होती. तिने चारही दाखवली.

बदली रद्द झाली नाही. निवृत्त होईपर्यंत ती बीजभांडारातच राहिली, आणि तिथे उंदरांचं कधी फावलं नाही. खालच्या खणातल्या आणखी काही मुक्यांना तिने एकेक करून बोलतं केलं. पुष्कळशा अजून गप्प आहेत. नणंद कुरकुरते, पण जाळीच्या पिशव्या शिवून देते, आणि नवरा घरी आला की हल्ली ट्रकमधून लांबलांबच्या घाटांतल्या फांद्या घेऊन येतो, ओल्या कापडात गुंडाळून.