माणूस बसेल अशी सायकल

बाई कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवण्याआधी तिला एक लाथ घालून पाहायच्या. पलंग, पाण्याची टाकी, जीपचा टायर, सरकारी टेबल, काहीही. माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या सायकलींना त्यांनी ओळीने लाथा घातल्या. शेवटची आडवी झाली. आत चहा पीत बसलेली मंडळी हसली.

बाई वळल्या. "हसून कायले राह्यले? लाथेनं पडते ते माणूस घेऊन कशी येईन?"

मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मिस्तरी, मले सायकल पायजे. माणूस बसेन अशी. अन् स्वस्त."

मी मुकुटबनला सायकलचं दुकान चालवतो. मूळचा उमरखेडचा. आमच्या घरात आजोबांपासून सगळ्यांच्या हाती पान्हा. बाईही उमरखेडच्याच निघाल्या, म्हणून मी त्यांना बसायला स्टूल दिलं. त्यांनी आधी स्टुलाला लाथ मारली, मग बसल्या.

झरी जामणीकडच्या जंगलपट्टीतल्या एका उपकेंद्रात त्या नर्स होत्या. गावाचं नाव सांगणार नाही, उगाच आणखी कुणाची तरी बदली व्हायची. बाई स्वतः बदलीवरच आलेल्या. आधीच्या ठिकाणी भर मीटिंगमध्ये साहेबाला "तुमी खोटं बोलून राह्यले" असं तोंडावर म्हणाल्या होत्या. अशा माणसांना आमच्याकडे पाठवतात. जंगल हे जणू खरं बोलणाऱ्यांना डांबून ठेवायची कोठडीच.

ती कापसाची वाईट वर्षं होती. ज्यांनी ती आमच्या भागात काढली त्यांना वेगळं सांगायला नको. पांढऱ्या गाड्या धुरळा उडवत यायच्या. कुणीतरी उतरायचं, किडकं बोंड हातात धरून चेहरा पाडून फोटो काढायचं आणि गाडीचा एसी थंड राहावा म्हणून दार पटकन लावून घ्यायचं. तुम्हीही असे पाहिले असतील. माझं दुकान रस्त्यावर, मला सगळ्या गाड्या दिसायच्या. त्या गाड्यांचा मला तेव्हा राग होता आणि आजही तो उतरलेला नाही.

बाईंचं दुखणं फवारणीचं होतं. श्रावण-भादव्यात कापूस माणसाच्या डोक्यावर जातो. पाठीवर पंप घेऊन आत शिरलेला मजूर तेच औषध अंगावर घेतो, नाकात घेतो. कुणी शेतात पडला की त्याला कोलामांच्या पोडावरून, म्हणजे जंगलातल्या वस्तीवरून, फाट्यापर्यंत आणायचं कसं? मधे पायवाट, चढ आणि नाला. पूर्वी खाटेवर टाकून आणत. पण फवारणीच्या दिवसांत पोडावर खाट उचलायला गडी नसतात, सगळे कुणाच्या तरी कापसात असतात. फाट्यापासून पुढे आरोग्य केंद्राची जीप न्यायची, असं तिथल्या साहेबांनी कबूल केलं होतं. फाट्यापर्यंत आणायचं काम बाईंनी स्वतःच्या अंगावर घेतलं.

"मोटारसायकल घ्या ना जी," मी म्हणालो.

"अन् नाल्यातून उचलाले तुमी येता काय?"

प्रश्न रास्त होता.

आधी त्यांनी वणीहून एक नवी सायकल तात्पुरती मागून आणली. जाड टायरची, मागे-पुढे स्प्रिंगा, अंगावर आगीचे पट्टे. बाजारातली पोरं त्या सायकलभोवती गोळा झाली. बाईंनी लाथ मारली तर सायकल नुसती कुरकुरली. त्या वर बसल्या, पायडल मारलं. निम्मा जोर स्प्रिंगमध्येच जिरला. "हे सायकल हाय का झोपाळा?" असं म्हणून उतरल्या. मी रंगाखालचे जोड दाखवले, वेल्डिंगचे नुसते ठिपके लावलेले. "दिसते तं साजरी," चहावाला म्हणाला. "साजरेपणाचं काय लोणचं घालू?" बाई म्हणाल्या. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. साहेबाच्या नव्या केबिनबद्दलही त्या हेच म्हणाल्या होत्या, आणि ते साहेबांपर्यंत पोचलंही होतं.

मग माझी जुनी काळी सायकल पाहिली. दूधवाले वापरतात ती. लाथ खाऊन हलली नाही. बाई खूष झाल्या. आमच्याकडे जड तेच मजबूत, ही समजूत पक्की. बैल असो, दार असो की जावई, वजनावर पसंत करतात. मी सांगितलं, ही उचलून नाला ओलांडणं जमायचं नाही. त्यांनी ऐकलं नाही. उचलून पाहिली, चार पावलं चालल्या आणि खाली ठेवून माझ्यावरच चिडल्या. "आधी सांगता येत नव्हतं?"

तिसरी फ्रेम माझ्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती. तिची कथा सांगायलाच हवी. आदल्या हिवाळ्यात शहरातून तरुण मंडळींची एक सायकल यात्रा आली होती, शेतकऱ्यांसाठी. नेमकं शेतकऱ्यांसाठी काय, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यातला एक जण एका हातात झेंडा धरून चालवत होता, तो माझ्या दुकानासमोरच्या नालीत गेला. त्याला खरचटलं, सायकलीचा पुढचं चाक धरणारा चिमटा वाकला. "अंकल, ठेवा तुम्हाला, स्पेअरला होईल," असं म्हणून तो मागच्या गाडीत बसला. गाडीत बिसलेरीच्या बाटल्यांचे खोके होते. पोडावरच्या बाया त्या दिवशीही नाल्यातून पाणी आणत होत्या. असो. फ्रेम मात्र खरी होती. डोंगरात चालवायच्या सायकलीची, पोलादी, बारीक पाइपांची. पान्ह्याने ठोकली तर घंटेसारखी वाजायची.

बाईंनी ती एका हाताने उचलली आणि तोंड वाकडं केलं. "बाप्पा! हे तं सुपासारखं हलकं हाय. याच्यावर माणूस बसवू?"

"बाई, पोलाद हाय. हलकं हाय म्हून कच्चं नाई." मी फुटक्या रेडिओचं चुंबक लावून दाखवलं. मागचं चाक बसतं त्या एका टोकाला सुतळी बांधली, पुढच्या पाइपावरून वळवून दुसऱ्या टोकाला आणली आणि दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं. फ्रेम सरळ होती. बाईंनी लाथ मारली. पोरांनी धरली नसती तर फ्रेम रस्त्यापार गेली असती. "पाह्यलं?" त्या म्हणाल्या.

आमचं चांगलंच वाजलं. मी म्हणालो, तुम्ही इंजेक्शन द्या, लोखंड मला कळतं. त्या म्हणाल्या, तुम्हाला लोखंड कळतं पण चिखल कळत नाही. आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी परत आल्या त्या टोपलीत ओली काळी माती घेऊन. पोडाच्या वाटेवरची, भिजवून मळलेली. दुकानाच्या दारात बसल्या आणि म्हणाल्या, "चाक बसवा." मी आधी काळ्या सायकलीला हात घातला. बाईंनी टायरवर माती थापली, चाक ढकललं. माती मडगार्डमध्ये आणि मागच्या पाइपांत गच्च बसली, चाक अर्ध्या फेऱ्यात थांबलं. वणीच्या सायकलीचं तेच, मातीने स्प्रिंगही धरली. मग मी टांगलेली फ्रेम उतरवली, जाड टायरचं चाक बसवलं. बाईंनी मूठ मूठ माती लावली, हातात येईल तेवढी. चाक फिरलं. माती पाइपांच्या कडेला घासून खाली गळत राहिली आणि चाक फिरतच राहिलं.

बाईंनी हात कुडत्याला पुसले. "हेच," त्या म्हणाल्या. आपण चुकलो असं त्या कधी म्हणत नसत.

जोडणी करताना रोज भांडण. गिअर काढून टाकले, चिखलात आणि कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांत ते अडकतात. पुढचा दातेरी चक्का लहान लावला. वाकलेला चिमटा काढून भंगारातला जाड घातला. मागचा कॅरिअर फ्रेमला वेल्डिंग करा, असा बाईंचा हट्ट होता. मी नाही म्हणालो, बारीक पाइप वेल्डिंगच्या आचेने जोडाशेजारीच तुटतो. नटबोल्टवर बसवतो, म्हणालो. त्या एवढ्या ओरडल्या की शेजारचा शिंपी मधे पडला. शेवटी बोल्टच लागले. कॅरिअरला मोडक्या खुर्चीची पाठ आणि पाय ठेवायला दोन दांडे लावले.

तयार झाल्यावर बाई म्हणाल्या, "मिस्तरी, बसा."

मी चांगला वजनदार माणूस. नाही नाही म्हणत बसलो. बाईंनी ओढणीने मला पाठीशी बांधलं आणि मुकुटबनच्या बाजारातून एक फेरी मारली. लोक दुकानं सोडून बाहेर आले. माझी बायको पुढचे कितीतरी दिवस भाकरी थापता थापता हसत होती. फ्रेमने आवाजही केला नाही. उतरल्यावर बाई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. त्यांचा एक दात तुटका होता, ते मला तेव्हा दिसलं.

त्या पावसाळ्यात त्यांनी बरेच जण फाट्यापर्यंत आणले. जीप कधी यायची, कधी उशिरा यायची, बाई फोनवर शिव्या द्यायच्या की यायची. माणसं वाचत होती. दुकानात तेल घालायला आल्या की सांगायच्या, अमका घरी आला, तमक्याने कोंबडी आणून दिली, ती मी परत केली. मी मनातल्या मनात त्या नालीत पडलेल्या पोराला माफ करून टाकलं होतं.

आणि मग ती पोर. नव्या लग्नाची, पंपवाल्यांना पाणी देणारी, हाताने औषध कालवणारी. दिवसाउजेडी शेतात पडली. तोंडाला फेस, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. जे इंजेक्शन लागतं ते उपकेंद्रात ठेवत नसत. बाईंनी जीपला फोन केला, पोरीला कॅरिअरवर बसवलं, ओढणीने कमरेशी बांधलं आणि निघाल्या. नवरा शेजारून धावत होता. नाल्यात त्याने बायको उचलली, बाईंनी सायकल. चढ चढल्या. फाट्यावर आल्या तेव्हा पोर श्वास घेत होती.

फाट्यावर जीप नव्हती.

त्या दिवशी पाहुणे आले होते. फवारणी करताना तोंडाला बांधायचे रुमाल वाटायचा कार्यक्रम होता आणि पाहुण्यांची संख्या वाढल्यामुळे जीप त्यांना आणायला गेली होती. हे मी बनवून सांगत नाही. रुमाल वाटायला जीप गेली होती. बाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून गाड्या अडवत होत्या. एक ट्रक थांबला, पण तोवर पोर गेली. ओढणीची गाठ तिच्या नवऱ्याने सोडली.

दुसऱ्या दिवशी बाई सायकल हातात धरून चालत आल्या. बसून नाही. हाताला सवय, म्हणून मी सुतळी काढली, मोजलं, एक एक जोड पुसून पाहिला.

"काही झालं काय तिले?"

"नाई बाई. सरळ हाय."

"एखादा जोड? तडा?"

"काहीच नाई."

बाई त्या स्टुलावर बसल्या. "मोडाले पायजे होती, मिस्तरी," त्या म्हणाल्या. "वाटेत मोडली असती तं म्या तुमाले शिव्या दिल्या असत्या. सायकल मोडली म्हून पोर गेली, असं म्हटलं असतं. घरी जाऊन जेवली असती."

मी चहा मागवला, तो तसाच थंड झाला. माझ्या एवढ्या वर्षांच्या धंद्यात, मी बांधलेली सायकल मोडली नाही याचं दुःख मला त्या एकाच दिवशी झालं. आणि दुःखापेक्षा संताप झाला, अजूनही लिहिताना हात तापतो.

पुढच्या बैठकीत पाहुण्यांसमोर बाई उभ्या राहिल्या आणि पोर कशाने गेली ते सांगितलं. फवारणीच्या औषधाचं सांगितलं आणि जीपचंही. ज्यांना टाळ्या वाजवायची सवय होती त्यांना काय करावं कळेना. महिन्याच्या आत बाईंची बदली झाली. कुठे, ते त्यांनी मला सांगितलं, पण नंतर तिथूनही झाली असं ऐकलं. जाताना सायकल पोडावर देऊन गेल्या. मला म्हणाल्या, "मिस्तरी, तेल घालत जा तिले." एसटीत चढताना सवयीने पायरीला लाथ मारली. कंडक्टर काहीतरी बोलला, त्यालाही त्यांनी सोडलं नसेल.

बाईंचा नंतर पत्ता लागला नाही.

मागच्या फवारणीच्या दिवसांत मी एका कामाने तिकडून येत होतो. फाट्यावर दगडाला टेकवलेली ती सायकल दिसली. कॅरिअरवर एक म्हातारा बसलेला, मान खाली, पोरगा त्याला छातीशी धरून उभा. मी गाडी थांबवली.

"जीप?"

"सांगतलं हाय जी. येते म्हणते."

"कधी सांगतलं?"

पोराने फक्त रस्त्याकडे पाहिलं. मी कुणावर आवाज चढवणारा माणूस नाही, गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तरी माझ्या तोंडून शब्द निघत नाही. पण केंद्रातल्या नव्या साहेबांच्या मुलाची सायकल माझ्याकडे येते, त्यांचा नंबर माझ्यापाशी होता. मी फोन लावला. साहेब म्हणाले, कोण बोलतंय? मी नाव सांगितलं नाही. मग मी रस्त्यात उभा राहून त्यांना ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहिता येणार नाहीत. त्यातल्या निम्म्या मला येतात हेही मला माहीत नव्हतं.

जीप आली.