दोरी सोडली तेव्हा दिसलेली कुंची

भूत, चकवा, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता, आजही नाही. कुणाला काही दिसलं की "काल जेवलीस काय ते सांग आधी," असं विचारणारी मी. तेव्हा हे वाचून हसायचं तर खुशाल हसा.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. डोळखांबजवळच्या पाड्यावर आमचं घर. थोरला बाळू नुकता चालायला लागला होता आणि मला पुन्हा दिवस गेले होते. त्यातच रातांधळेपणा आला – तिन्हीसांज झाली की समोर नुसता काळोख. रॉकेल मिळत नव्हतं. सासूबाईंनी दारापासून गोठ्यापर्यंत काथ्याची दोरी बांधली. "हिला धरून जा गो, सोडू नको," म्हणाल्या. बोकडाची कलेजी खा, असं सगळे सांगत. पण आमच्या घरात तुळशीची माळ होती, मांसमच्छी वर्ज्य.

भातझोडणीचे दिवस, सगळे खळ्यावर. एका तिन्हीसांजेला बाळूला पडवीत निजवून मी गोठ्यात गेले. दोरी धरून परतले, गोधडी चाचपली... रिकामी.

अंगणापलीकडे विहीर होती, बिनकठड्याची. मी हाका मारल्या. पोर गप्प.

आणि मला बाळूची लाल कुंची दिसली. भर दुपारी दिसावी तशी, गोंड्यासकट. बाकी सगळं काळं. मी दोरी सोडली, सरळ चालत गेले आणि वाकून उचललं. बाळूच होता. माझ्या पायाला विहिरीच्या काठाचा दगड लागला. हाताला मात्र त्याचे केस लागले – डोकं उघडं होतं. कुंची तर सकाळी मीच भिजत घातली होती.

तिथेच बसून रडले. सासूबाई आल्या, म्हणाल्या, "दोरी सोडून आलीस कशी गो? तुला तर सोताचा हात दिसत नाय."

पुढे माझा भाऊ वसंत मुंबईहून माशाच्या तेलाची बाटली घेऊन आला. तो डॉक्टरकी शिकत होता. "औषध म्हंजे काय मासा नाय," असं म्हणत सासूबाईंनीच मला चमच्याने पाजलं, आणि मला संध्याकाळचं दिसू लागलं!

वसंताने समजावलं, "ताई, डोळ्याच्या पडद्यावर बारीक पेशी असतात. अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशींत जांभळट रंग असतो. उजेड पडला की तो फुटतो, त्यातून मज्जातंतूत संदेश उठतो, तो मेंदूत पोचला की दिसतं. मग रंग पुन्हा तयार व्हावा लागतो, त्याचं सत्त्व या तेलात आहे. तुझ्या अंगात तेच संपलं होतं. शिवाय तिन्हीसांजेला लाल रंग धडधाकट डोळ्यांनाही काळाच दिसतो. तुला भास झाला."

"भास तर भास," मी म्हटलं. "कुंची मनाने रंगवली, कबूल. पण नेमकी बाळूच्याच डोक्यावर कशी रंगवली?"

वसंता चष्मा पुसत राहिला.

सासूबाईंनी मात्र उत्तराची वाट पाहिली नव्हती. बाळू विहिरीपाशी सापडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी गोठ्याची दोरी सोडली आणि खुंट ठोकून विहिरीभोवती बांधली. मी म्हटलं, "मग मी गोठ्यात कशी जाऊ?"

"तुला काय गो," म्हणाल्या, "तुला दिसतंय."