पेरूवाल्याच्या खिशातली टोकनं

भर दिवसा बंद शटर दिसलं की आजही मी थांबून आत कुणी आहे का ते कान देऊन ऐकतो.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी राहात्याला फौजदार होतो. स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं. मालकाकडून पितळी टोकन घ्यायचं, ते यंत्रात टाकून खेळायचं. कुणीतरी बनावट टोकनं पाडून बाहेर स्वस्तात विकू लागलं. तेव्हा मालकाने खऱ्या टोकनांच्या कडेला कानशीने खाच मारली आणि बिनखाचेची टोकनं बाळगणाऱ्याला धरायला दोन माणसं ठेवली.

बाजारच्या दिवशी दुपारी एक बाई ठाण्यात धावत आली. "सायेब, आमच्या ह्यांना टोकनवाल्याच्या मानसांनी सकाळीच उचललंय! पेरूचा गाडा तसाच पडलाय. त्यांना दमा हाय वो!"

जाऊन पाहिलं, तर दुकानाचं शटर बंद, वर कुलूप. ऐन बाजारात! मालकाला घरून ठाण्यात आणलं. "मी कुणाला वळखत न्हाई," एवढंच तो म्हणे. मी आवाज चढवला, टेबल आपटलं. उपयोग शून्य. आपलं बरोबरच आहे अशी खात्री असलेला माणूस दरडावून फुटत नाही. घड्याळाकडे बघवत नव्हतं, आणि बाकावर ती बाई हुंदके देत होती.

मग मी सूर बदलला. "खाचेची अक्कल कुणाची रे?"

गडी फुलला. "माझीच, साहेब! त्या पेरूवाल्याकडं तर बिनखाचेची मूठभर निघाली!" बोलला आणि जीभ चावली.

बाई उसळली. "अरे, सुट्टे न्हाईत म्हनून गिऱ्हाईक तेच देतंय! आख्ख्या बाजारात चालतंय!"

सकाळी पानवाल्याने मलाही सुट्ट्यांऐवजी दोन टोकनं दिली होती. ती खिशातून काढून टेबलावर ठेवली. एकालाही खाच नव्हती. "चल, आता मलाही कोंड."

तो पांढराफटक पडला. "दुकानाच्या मागं, पत्र्याच्या खोलीत हाय."

किल्लीची वाट न बघता दगडाने कुलूप तोडलं. ऑक्टोबरचं ऊन, वर तापलेला पत्रा. माणूस कोपऱ्यात पडला होता, ओठ काळेनिळे. पण श्वास चालू होता. माझी खाकी दिसताच तो भिंतीकडे सरपटला. उन्हाने भ्रमला असेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात हवालदार त्याचा जबाब घेत होता, मी शेजारी उभा होतो. कोंडताना ते काय म्हणाले, असं विचारल्यावर तो खाली बघत बोलला, "म्हनले, फौजदार सायबांनीच सांगितलंय, तुमचं तुमी बघून घ्या."

हवालदाराचं पेन थांबलं.

खोटं नव्हतं ते. महिन्यापूर्वी मालक बनावट टोकनांची तक्रार घेऊन आला होता. खेळण्यातल्या बिल्ल्यांचा कसला आलाय गुन्हा, म्हणत मी हसलो होतो आणि नेमकं हेच बोललो होतो. पुढे टोकनं पाडणारा सापडला, मालकावरही खटला झाला. त्यानंतर मी एकही तक्रार हसून परत पाठवली नाही. पण त्या क्षणी दवाखान्यात मला लाजेने मान वर करता येईना.

"लिहा," मी म्हणालो. "बोलला तसंच लिहा."

पेरूवाला बायकोचा हात घट्ट धरून तिला हळूच विचारत होता, "लिवलं तर सायेब मला परत कोंडत्याल का गं?"