धुतलेले हात

फिनेलबाईंचं खरं नाव शेजारीपाजारीही विसरले होते. त्यांच्या पाळणाघरात शिरताना आधी मुलांची नखं तपासली जात, मग साबण, मग कसलंसं झोंबणारं पाणी. दाराची मूठ, खेळण्यांची चाकं, सगळ्यावरून बाईंचं फडकं फिरायचं. खिडक्या मात्र घट्ट बंद. "उघड्या ठेवल्या की औषध उडून जातं," असं त्या ठणकावून सांगत. औषध म्हणजे वास! नाकाला झोंबलं की जंतू खलास, एवढंच बाईंचं शास्त्र. कुणाला लस टोचली, कुणाला नाही, ही चौकशी त्यांनी उभ्या जन्मात केली नाही.

त्यांच्या सुनेला या सोंगाची मनापासून शिसारी होती. पण घर सासूबाईंचं. सहा महिन्यांची लेक घेऊन ती जाणार कुठे?

एका सकाळी बेकरीवाल्याची चार वर्षांची मुलगी आली. डोळे लालभडक, नाक गळतंय, खोकला थांबत नाही.

"आई, हिला घरी पाठवा," सून म्हणाली. "गोवराची साथ आहे. आपल्या बाळाचं अजून लसीचं वयही झालेलं नाही."

"अगं, कोपरापर्यंत हात धुतलेत मी तिचे! गोवर काय साबण ओलांडून येणार आहे?"

वर त्यांनी त्याच मुलीला बाळाचा पाळणा हलवायला बसवलं. हात स्वच्छ होते ना!

दोनेक आठवड्यांनी बाळ तापानं फणफणलं, अंगभर पुरळ उठलं, कान वाहू लागले.

"हात धुणं, पुसणं चांगलंच आहे," दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण गोवर पसरतो मुख्यतः हवेतून. खोकणारं मूल निघून गेलं तरी बंद खोलीत तो दोन तास राहतो. खरा आधार लसीचा. लसीच्या वयाच्या सगळ्या मुलांनी ती घेतली, तर एवढी लहान बाळं वाचतात."

सासूबाईंनी अगदी समजल्यासारखी मान डोलावली आणि पदरानं खाटेचा दांडा पुसायला घेतला. अशा बाईपुढे बोलून काय उपयोग!

बाळ वाचलं. घरी येताच सुनेनं सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. सासूबाई हात चोळचोळून धुऊन आल्या आणि पाळण्यामागे उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या.

"बघ बघ, आजी आली! हात धुऊन आली!"

बाळ खिडकीतल्या उजेडाकडे बघत राहिलं. टाळ्यांच्या आवाजाकडे मान वळली नाही.

"वाजवा, आई," सून म्हणाली. "अजून जोरात वाजवा."